मृत्यूच्या दाखल्यावरचे वडिलांचे नाव

माझे चुलत आजोबा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, मुंबई बंदरातून आगबोटीवर खलाशी म्हणून गेले. लंडनच्या पॉप्लर भागातून त्यांनी १९३४ साली धाडलेले पत्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी अजून जपून ठेवलेले आहे. त्यानंतर मात्र त्यांचा काहीच ठावठिकाणा लागला नाही. निधनाची तिथी ठाऊक नसल्यामुळे त्यांचे श्राद्ध आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला होत आले. ज्या काकांना कधी पाहिलेही नव्हते, त्यांची तिथी आपल्या हयातीत कळावी, अशी माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या वडिलांची फार इच्छा होती. त्यासाठी २०२३ मध्ये मी इंग्लंडमधल्या एका माणसाला काम दिले, जो स्वतःला वंशावळींचा संशोधक म्हणवत होता, आणि त्याने आम्हाला फसवले. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांतून माणसे अशीच बोटीवर गेली, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहितो.

त्याने आधी आमच्याकडची सगळी माहिती मागवून घेतली. गाव, वडिलांचे नाव, अंदाजे जन्मसाल, शेवटच्या पत्राचा फोटो, असे सारे काही आम्ही उत्साहाने पाठवले. पहिल्या साठ पौंडांच्या बदल्यात त्याने मृत्युनोंदींच्या सूचीतून आमच्या आडनावाशी मिळतीजुळती तीन नावे काढून दिली. ती नावे खरी होती, आणि त्यामुळेच पुढच्या कागदांवर आमचा विश्वास बसला. ही सूची स्वयंसेवकांनी तयार केलेल्या फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

पुढे १४० पौंड घेऊन त्याने १९३१ च्या जनगणनेतला उतारा पाठवला. पॉप्लरमधले भाड्याचे घर, चुलत आजोबांचे नाव, वय, व्यवसाय आणि जन्मस्थान म्हणून आमचे गाव, असे सगळे त्यात होते. प्रत्यक्षात इंग्लंड आणि वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेचे कागद डिसेंबर १९४२ मध्ये मिडलसेक्समधल्या हेझ येथे लागलेल्या आगीत जळून गेले आहेत. युद्धामुळे १९४१ ची जनगणना झालीच नाही. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. तिच्यानंतर घरोघरच्या माणसांची नावे सापडतात ती थेट २९ सप्टेंबर १९३९ च्या युद्धकालीन नोंदवहीत. ज्यांचा माणूस या मधल्या अठरा वर्षांत हरवला, त्यांना ही पोकळी फार जाचते, आणि नेमकी तीच त्याने बनावट कागदाने भरून दिली.

मग ९० पौंडांना मृत्यूचा दाखला आला. नोव्हेंबर १९३८, पॉप्लरमधले रुग्णालय, कारण न्यूमोनिया, आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यात माझ्या पणजोबांचे नाव. ते वाचताना माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. परक्या देशातल्या कारकुनाने आपल्या आजोबांचे नाव लिहून ठेवले आहे, म्हणजे हा दाखला दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही, असे त्यांना वाटले आणि मलाही वाटले.

वस्तुतः त्या काळच्या इंग्लंडमधल्या प्रौढ पुरुषाच्या मृत्युनोंदीत वडिलांच्या नावाचा रकानाच नसतो. मृत्यूची तारीख आणि ठिकाण, नाव, लिंग, वय, व्यवसाय, मृत्यूचे कारण, खबर देणाऱ्याची सही व पत्ता, आणि शेवटी नोंदणीची तारीख व निबंधकाची सही, एवढेच तिच्यात असते. वडिलांचे नाव मिळते ते विवाहाच्या दाखल्यावर. स्कॉटलंडमध्ये मृत्युनोंदीतही आईवडिलांची नावे असतात, परंतु तिथली नोंदणी वेगळी आहे. आपल्याकडे माणसाच्या नावामागोमाग वडिलांचे नाव येतेच, त्यामुळे आम्हाला काही खटकले नाही. आम्हीच कळवलेले नाव त्याने आम्हाला परत विकले होते.

वडिलांनी जुन्या पंचांगावरून त्या तारखेची तिथी काढून घेतली, गुरुजींना बोलावले आणि २०२३ व २०२४ अशी दोन वर्षे त्या तिथीला श्राद्ध केले. पैशांपेक्षा मला याचे दुःख अधिक आहे.

त्यानंतर चुलत आजोबांना लंडनमध्ये एक मुलगी झाली होती, असे कळवून त्याने तिची ‘मोहोरबंद फाइल’ उघडण्यासाठी आणखी १४० पौंड घेतले. एव्हाना ४३० पौंड, म्हणजे सुमारे ४५ हजार रुपये गेले होते. पुन्हा दोनशे मागितले, तेव्हा मी प्रथमच स्वतः नोंदी तपासायला बसलो. सूचीतल्या प्रत्येक नोंदीला तिमाही, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान असते. त्याने दाखल्यासोबत दिलेल्या खंडाच्या त्या पानावर भलतीच माणसे निघाली. १९३१ च्या आगीबद्दलही मी त्याच रात्री वाचले. विचारणा करताच त्याची उत्तरे बंद झाली. बँकेला कळवले, सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवली. पण इतक्या महिन्यांनंतर काही हाती लागले नाही.

इंग्लंडमध्ये प्रामाणिक संशोधक आहेत, आणि १९६८ पासून त्यांची एक व्यावसायिक संघटनाही आहे, हे मी आवर्जून सांगतो. मात्र काम कोणालाही दिले, तरी घरातली एखादी खूण स्वतःजवळ राखून ठेवावी आणि ती समोरून येते का ते पाहावे. दाखला संशोधकाकडून न घेता फक्त नोंदीचा संदर्भ घ्यावा आणि जनरल रजिस्टर ऑफिस या तिथल्या जन्म-मृत्यू नोंदींच्या सरकारी कार्यालयाकडून तो स्वतः मागवावा; मी ९० पौंड मोजले तेव्हा त्याची सरकारी फी ११ पौंड होती, २०२४ मध्ये ती साडेबारा झाली. लंडनमधल्या क्यू भागातील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे वाचकपत्र विनामूल्य मिळते, तेव्हा तिथल्या प्रवेशासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हल्ल्यात मृत्यू पावलेल्या भारतीय खलाशांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या यादीत विनामूल्य शोधता येतात. आडनावाची जितकी स्पेलिंगे सुचली तितकी घालून मी ती यादी पाहिली. आमचे नाव तिथे आढळले नाही.

वडिलांना हे सारे सांगायला मला तीन आठवडे लागले. त्यांनी तो दाखला ट्रंकेतून काढून माझ्या हाती दिला, पत्र मात्र परत ठेवले. गेल्या पितृपक्षात काकांचे पान पुन्हा सर्वपित्री अमावास्येला वाढले.