जुन्या गार्डन ट्रॅक्टरला साधं एसएई 30: अख्ख्या हंगामाचा अनुभव

ट्रॅक्टर आहे कब कॅडेट 128, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, 1970च्या दशकाच्या सुरुवातीचा. इंजिन कोहलर के-301. एक सिलिंडर, 12 अश्वशक्ती, बिडाचा ब्लॉक, बाजूचे व्हॉल्व्ह, एअर-कूल्ड. गवत कापणीच्या अख्ख्या हंगामात यात मी फक्त साधं सिंगल ग्रेड (एकाच घट्टपणाचं) एसएई 30 इंजिन ऑइल घातलं, दर 25 तासांनी न चुकता बदललं, आणि ड्रेन प्लगच्या, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या बुचाच्या जागी एक पाइप बसवून घेतला. के-सिरीजची इंजिनं त्या काळातल्या इतर कंपन्यांच्या ट्रॅक्टरांवरही भरपूर बसली, त्यामुळे ट्रॅक्टर दुसरा असला तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

निकाल आधीच सांगतो. तिन्ही गोष्टी पुढेही चालू ठेवणार आहे. पण सगळ्यात जास्त फरक कशाने पडला विचाराल तर वेळेवर बदलण्याने आणि ऑइलची लेव्हल बघण्याने. डब्यावरचं नाव त्यानंतर.

याचं कारण या इंजिनाच्या बनावटीत आहे. यात ऑइल पंप नाही आणि ऑइल फिल्टरही नाही. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) खालच्या टोकाला एक छोटी जीभ असते. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ती क्रँकखालच्या चेंबरमधल्या ऑइलमध्ये बुडते आणि ऑइल उडवते. ते तुषार सिलिंडरच्या भिंतीवर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर आणि टॅपेटवर, वेग स्थिर ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या गिअरवर बसतात, आणि एवढ्यावरच सगळं वंगण चालतं. पूर्ण वेगात, म्हणजे मिनिटाला 3600 फेऱ्यांवर, ती जीभ सेकंदाला 60 वेळा ऑइलमध्ये जाते. लेव्हल खाली गेली की ती ऑइलपर्यंत पोचतच नाही. त्यातून रॉड ॲल्युमिनियमचा, आणि तो क्रँकपिनवर थेट फिरतो, मध्ये वेगळं बेअरिंग नाही. ऑइलशिवाय तो थोडाच वेळ टिकतो, मग जाम होतो, तुटतो आणि जाता जाता ब्लॉकला भोक पाडून जातो. प्रेशरच नसल्यामुळे प्रेशरचा दिवाही नाही. सूचना देणारी वस्तू एकच, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी. म्हणून मी प्रत्येक वेळी चालू करण्याआधी ती काढून पुसून बघतो, आणि उतारावर आडवं काम असेल तर लेव्हल वरच्या खुणेला आहे याची खात्री करूनच निघतो.

25 तास ऐकून गाडीवाल्यांना फारच कमी वाटतात. मला तसं वाटत नाही. ताशी 40 किलोमीटरने चालणारी गाडी 25 तासांत 1000 किलोमीटर जाते, तेवढ्यात कोणी ऑइल बदलत नाही, हे खरं. पण गाडीत फिल्टर असतो. इथे काजळी, न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ, धातूचा बारीक चुरा, जे काही खाली उतरतं ते सगळं त्या दोन लिटरच्याही आतल्या ऑइलमध्येच फिरत राहतं. एअर-कूल्ड इंजिनात पिस्टनची फट जास्त ठेवावी लागते, त्यामुळे खाली उतरणारा ऐवजही जास्त. तो बाहेर काढायचा मार्ग एकच, ऑइल ओतून टाकणं. आणि इंजिन नुकतंच उघडून बांधलं असेल तर पहिलं ऑइल 5 तासांतच काढायचं, हे विसरू नका.

आता एसएई 30च का. कोहलरच्या जुन्या पुस्तिकेत तापमान 0 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एसएई 30 आणि त्याखाली पातळ मल्टिग्रेड (थंडीतही पातळ राहणारं, 10डब्ल्यू-30सारखं), असं सरळ लिहिलेलं आहे. 100 अंशांवर एसएई 30 आणि 10डब्ल्यू-30 यांचा घट्टपणा एकाच पट्ट्यात येतो, मग फरक काय, असा प्रश्न रास्त आहे. फरक टिकण्यात आहे. मल्टिग्रेडमधला घट्टपणा काही प्रमाणात पॉलिमरवर उभा असतो, आणि वापरात ते पॉलिमर तुटत जातात. एअर-कूल्ड इंजिनात ऑइल चांगलंच तापतं, आणि गरम हवेत अशी इंजिनं मल्टिग्रेड जास्त खातात. हे इतर छोट्या इंजिनांचे उत्पादकही त्यांच्या पुस्तिकांत लिहितात. माझ्याकडे आधी 10डब्ल्यू-30 होतं तेव्हा कडक उन्हाच्या दिवसांत दोन बदलांच्या मध्ये वरून ऑइल घालावं लागायचं. एसएई 30वर ते जवळपास थांबलं, डिपस्टिकवरची खूण थोडीशीच खाली येते. त्याची किंमत म्हणजे गार सकाळी इंजिन जड फिरतं, स्टार्टरचा आवाजच बदलतो. बॅटरी अशक्त असेल तर हे जाणवेल. हिवाळ्यात बर्फ ढकलायला ट्रॅक्टर वापरणाऱ्यांनी 5डब्ल्यू-30कडेच जावं.

झिंकबद्दलही लिहितो, कारण जुन्या इंजिनाचा विषय निघाला की झिंक निघतंच. फ्लॅट टॅपेटच्या कॅमला ऑइलमधल्या झिंक-फॉस्फरसचं झिजेपासून संरक्षण लागतं हे खरं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून गाडीच्या पातळ ग्रेडच्या ऑइलमधलं फॉस्फरस 2004 मध्ये आलेल्या एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम दर्जापासून 0.08 टक्क्यांवर आणलं गेलं, हेही खरं. पण ती मर्यादा सिंगल ग्रेड एसएई 30ला लागत नाही, आणि या इंजिनाच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा मऊ आहेत, रेसिंगच्या इंजिनासारखा दाब कॅमवर येत नाही. म्हणून वेगळी झिंकची बाटली मी घातली नाही आणि घालणारही नाही. तोच खर्च एका जास्तीच्या ऑइल बदलावर करावा असं माझं ठाम मत आहे. एक मात्र काटेकोरपणे बघा: डबा डिटर्जंटवाल्या, म्हणजे काजळी-गाळ तळाशी बसू न देणाऱ्या ऑइलचा हवा, एचडी (हेवी ड्यूटी) लिहिलेला. ‘जुन्या इंजिनाला बिनडिटर्जंटचं’ हा सल्ला अजून फिरतो. एपीआयचा एसए दर्जा म्हणजे तेच बिनडिटर्जंटचं ऑइल, आणि 1930 नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांसाठी ते योग्य नाही असं एपीआयच सांगते.

प्रत्यक्ष बदलताना इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करतो. गरम ऑइल गाळ उचलून घेऊन येतं, थंड ऑइल गाळ तळालाच सोडून येतं. डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढून घेणारे पंप मिळतात, स्वच्छ काम होतं, पण अगदी तळाचा थर तसाच राहतो, आणि फिल्टर नसलेल्या इंजिनात काढायचा तर तोच असतो. म्हणून मी खालूनच काढतो. ट्रॅक्टर सपाटीवर, स्पार्क प्लगची वायर काढलेली, आणि डिपस्टिक ओढण्याआधी तिच्याभोवतीचं गवत-माती ब्रशने साफ. ही साफसफाई टाळू नये, तिथून आत पडलेला कण बाहेर यायला पुन्हा 25 तास लागतात.

शेवटचे थेंब मी पांढऱ्या कागदावर घेतो आणि उन्हात तिरपा धरून बघतो. काळेपणाची काळजी करू नका, डिटर्जंट काम करतंय म्हणून ऑइल काळं होतं. बघायची ती चमक. राखाडी, बोटावर पेस्टसारखी लागणारी पूड लोखंडाची असते, थोडी असणारच, आणि ती चुंबकाला चिकटते. चंदेरी, पापुद्र्यासारखी चमकणारी आणि चुंबकाकडे ढुंकूनही न बघणारी चकाकी ॲल्युमिनियमची, म्हणजे बहुधा रॉडची किंवा पिस्टनची. ती वाढत चालली तर ट्रॅक्टर उभा करून इंजिन उघडावं. माझ्याकडे हंगामाच्या सुरुवातीला राखाडी पेस्ट बऱ्यापैकी यायची, दर बदलाला कमी होत गेली. शेवटच्या कागदावर डागाच्या कडेला जेमतेम एक रेघ होती. या सगळ्यात मला सर्वात जास्त समाधान याने दिलं.

ड्रेन पाइपबद्दल. या ट्रॅक्टरवर इंजिन फ्रेमच्या दोन पट्ट्यांमध्ये बसतं, त्यामुळे प्लग काढला की ऑइल फ्रेमवर सांडतं, तिथून चारही दिशांना जातं आणि पुढच्या वेळी त्यावर धूळ बसून खरा गळतीचा डाग कुठला हेच कळत नाही. प्लगच्या जागी छोटा निपल, एल्बो आणि फ्रेमच्या बाहेर येणारा पाइप लावल्यावर हा त्रास संपला. आटे निमुळत्या पाइपचे आहेत, वॉशर लागत नाही, थोडं सीलंट आणि बेताचा जोर पुरतो. जास्त आवळलं तर चेंबरलाच चीर जाऊ शकते. टोकाला मी व्हॉल्व्हऐवजी धातूची टोपी लावली. व्हॉल्व्ह सोयीचा आहे, पण झुडपाची एखादी फांदी दांड्यात अडकली तर चालू इंजिनाचं ऑइल रिकामं होईल, आणि पंप नसलेल्या इंजिनात ते कळेपर्यंत रॉड गेलेला असेल. व्हॉल्व्ह लावायचाच असेल तर त्याच्यापुढे टोपीही लावा. पाइपचा तोटा इतकाच की त्यात थोडं जुनं ऑइल राहतं, म्हणून शेवटी ट्रॅक्टर त्या बाजूला जरा कलता करतो. आणि पाइपला क्लॅम्प हवाच, एका सिलिंडरची थरथर सांधे सैल करते.

भरताना आकड्यावर जाऊ नका. चेंबर ट्रॅक्टरप्रमाणे वेगळं असतं, त्यामुळे डिपस्टिक सांगेल तेच प्रमाण. वरच्या खुणेच्या वर भरलं तर ती जीभ ऑइल घुसळून फेस करते, फेस ब्रीदरमधून (चेंबरमधला दाब बाहेर सोडणारा भाग) बाहेर येतो आणि निळा धूर सुरू होतो. न भरता लेव्हल आपोआप वाढलेली दिसली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल किंवा फ्युएल पंपाचा पडदा तपासा. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चालवू नका, आधी दोष काढा, मग ऑइल बदला. ब्रीदरही उघडून धुवा. तो तुंबला की चेंबरमध्ये दाब साठतो आणि धडधाकट सीलमधूनही ऑइल पाझरतं. माझ्या ट्रॅक्टरवर टॅपेट कव्हरखालचा ओलावा ब्रीदर साफ केल्यावर बंद झाला, गॅस्केट बदलावं लागलं नाही.

काय बदललं नाही तेही सांगायला हवं. थंड इंजिनाचा पिस्टनचा टकटक आवाज होता तसाच आहे. बराच वेळ उभा राहिल्यानंतर पहिल्या क्षणी येणारा निळसर धूरही आहे. ही झीज आहे, तिच्यावर ऑइल हा उपाय नाही. ऑइलचा जाडपणा वाढवून आवाज दाबायचा प्रकार मला पटत नाही. 40 किंवा 50 ग्रेड घालून रॉडपर्यंत तुषार नीट पोचणार नसतील तर आवाज कमी होण्यात फायदा कसला?

हंगाम संपल्यावर 25 तास भरले नसले तरी ऑइल बदलूनच ट्रॅक्टर ठेवला. जुन्या ऑइलमधलं पाणी आणि आम्ल महिनोन्महिने क्रँकवर बसू द्यायचं नव्हतं. नवं भरल्यावर इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवलं, म्हणजे ते सगळीकडे पोचतं. काढलेलं ऑइल घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवलंय, त्यात पेट्रोल किंवा दुसरं काही मिसळू दिलं नाही, नाहीतर ते पुनर्वापरासाठी घेत नाहीत. हातमोजे घालूनच हे काम करा, वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही. पुढच्या हंगामात हेच ऑइल, हेच तास. फक्त ड्रेनच्या टोपीत एक चुंबक बसवायचा आहे.