दादरचं ट्रॉमा काउन्सेलिंग सेंटर: बाबांना 19 वर्षांनी घेऊन गेलो

रेटिंग 5 पैकी 4. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय. पण ज्यांच्या घरात कोणी दंगल, बॉम्बस्फोट, गोळीबार असलं काही बघून आलंय आणि "आता एवढी वर्षं झाली, आता कशाला" म्हणून सगळे गप्प आहेत, त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

माझे बाबा 11 जुलै 2006 ला लोकलमध्ये होते. त्या संध्याकाळी वेस्टर्न लाइनवर 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यात. बाबांचा पास सेकंडचा, ते बाजूच्या डब्यात होते, माहीमला. त्यांना फार लागलं नाही, डाव्या कानाने कमी ऐकू येतं तेवढंच. आम्हाला पण तेवढंच माहीत होतं, की बाबा वाचले आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. तेव्हा सगळीकडे मुंबईचं स्पिरिट, मुंबईचं स्पिरिट चाललेलं आणि आम्हाला पण अभिमान वाटायचा, पण ज्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत चढायचंय कारण पगार कापला जाईल त्याला कोणी विचारलंच नाही की तुला झोप लागते का. झोप नाही म्हटल्यावर आमच्या तेव्हाच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या वर्षानुवर्षं चालूच राहिल्या.

मग 21 जुलै 2025 ला हायकोर्टाने बाराही आरोपींना निर्दोष सोडलं. 2015 मध्ये स्पेशल कोर्टाने त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिलेली. कोर्टाचं बरोबर की चूक यावर मला इथे बोलायचं नाहीये, निरपराध माणूस एक दिवस पण आत राहू नये. पण बाबा त्या दिवशी बातम्या बघताना एकदम म्हणाले, "मग कोणी केलं?" आणि त्यानंतर तीन दिवस जेवले नाहीत. रात्री उठून गॅलरीत उभे राहायचे. आई घाबरली. मी रात्री 14416 ला फोन लावला, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, 24 तास चालू असतं आणि मराठीत बोलतात. त्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की ट्रॉमावर काम करणारा माणूस शोधा, नुसत्या झोपेच्या गोळीवर राहू नका. तसं शोधत इथे आलो.

पहिल्या चार सेशनमध्ये इथल्या काउन्सेलर मॅडमनी स्फोटाचा विषयच काढला नाही. मला वाटलं पैसे वाया चाललेत. नंतर कळलं की आधी माणसाला स्वतःला सावरता आलं पाहिजे, श्वास कसा घ्यायचा, पाय जमिनीवर कसे दाबायचे, डोक्यात एक सुरक्षित जागा कशी पक्की करायची (बाबांनी आजोळची विहीर निवडली), ते झाल्याशिवाय जखमेला हात लावत नाहीत. मग इएमडीआर सुरू केलं. त्यात मॅडम बोटं डावीकडून उजवीकडे फिरवतात, पेशंट त्या प्रसंगातलं सगळ्यात वाईट चित्र मनात धरून नजरेने बोटांच्या मागे जातो, मध्ये थांबून विचारतात की त्रास 0 ते 10 मध्ये किती. ऐकायला विचित्र वाटतं, मला पण वाटलं, पण डब्ल्यूएचओने 2013 मध्येच पीटीएसडीसाठी (भयंकर प्रसंगानंतर मनात राहून जाणारा आजार) ही पद्धत आणि ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी) दोन्ही सुचवल्यात. बाबांचा आकडा पहिल्या दिवशी 9 होता. आता 3 आहे. शून्य होईलच असं मॅडमनी एकदाही म्हटलं नाही आणि हेच मला सगळ्यात जास्त आवडलं.

सहाव्या की सातव्या सेशनला चादरीचं निघालं. आमच्याकडे पावसाळ्यात ओल्या चादरी बाहेर वाळत घातल्या की बाबा चिडायचे, ओरडायचे, म्हणून आई सगळ्या चादरी आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवते, 19 वर्षं. आम्ही त्याला बाबांचा स्वभाव म्हणायचो. त्या दिवशी रुळांशेजारच्या वस्तीतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावत आलेली, आणि बाबा त्यांची टोकं धरून जखमींना, आणि जे गेले होते त्यांनाही, उचलत होते. हे त्यांनी पहिल्यांदा मॅडमना सांगितलं, मग फॅमिली सेशनमध्ये आईला. आई काही बोलली नाही, त्यांचा हात धरून बसली. मला वाटलं होतं आता हे मोडून पडणार, पण घरी जाताना म्हणाले, "वडापाव खाऊन जाऊया का?"

महिन्यातून एकदा ग्रुप असतो. तिथे 26/11 ला सीएसटीवर असलेल्या एक बाई येतात आणि 92-93 च्या दंगलीत भाऊ गेलेले एक चाचा. बाकी कोण काय ते लिहिणार नाही, तिथलं बाहेर बोलायचं नाही हा नियम आहे. एवढंच सांगते की कोणाचं दुःख मोठं, कोणत्या धर्माचं, कोणाला नुकसानभरपाई किती मिळाली हे तिथे कोणी काढत नाही. बाबा आणि चाचा आता एकमेकांना फोन करतात, क्रिकेटवर बोलतात.

आता एक स्टारचं. वेटिंग रूममध्ये टीव्हीवर न्यूज चॅनल लावलेला असतो. बॉम्बच्या बातम्यांनी ज्याची झोप गेली त्याला बाहेर अर्धा तास तेच दाखवायचं? मी दोनदा सांगितल्यावर बंद केला, पण हे सांगायला लागू नये. जिना आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांचे हाल. फॉर्म सगळे इंग्लिश, बाबांनी सगळीकडे नुसतं टिक केलं, मग मॅडमनी बसून मराठीत परत विचारलं. आणि फी 1500 एका सेशनला, दर आठवड्याला झेपत नाही. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट 2017 मध्ये मानसिक आजाराला पण बाकी आजारांसारखाच विमा द्यायचा असं आहे, पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच नाही, त्यामुळे एक रुपया मिळाला नाही. परवडत नाही असं स्पष्ट सांगितलं तर सेंटरवाले कमी करतात, लाजू नका. आम्ही तिसऱ्या महिन्यात सांगितलं, आधीच सांगायला हवं होतं.

जाणार असाल तर एक गोष्ट. सेशननंतर त्या रात्री स्वप्नं जास्त पडतात, एक-दोन दिवस माणूस चिडचिडतो, लगेच घाबरून बंद करू नका, मॅडमना फोन करून सांगा. आणि 11 जुलैच्या आसपास अपॉइंटमेंट आधीच धरून ठेवा, त्या आठवड्यात बाबांना अजून त्रास होतो, मॅडम म्हणतात दरवर्षी ती तारीख शरीराला आठवणारच. शनिवार पूर्ण भरलेला असतो, बुधवारी संध्याकाळी मिळते.