फ्रेममधल्या नंबरला भुलले मी

बारावीचा निकाल लागला की आमच्या सोलापुरात नवी पेठेत, सात रस्त्याला हँडबिलं वाटतात बघा, 'एका वर्षात नर्स व्हा, दहावी पास चालेल, १०० टक्के नोकरी', तसल्याच एका ठिकाणी मी फसले. नाव लिहीत नाही, वकिलाची नोटीस परवडायची नाही मला.

आई विड्या वळते. त्यातून ४५,००० भरले, तीन हप्त्यात, पावती फक्त पहिल्याची, बाकीची 'देतो की नंतर'. मान्यता आहे का हे मी विचारलं होतं बरं का! सरांनी भिंतीवरची फ्रेम दाखवली, रजिस्ट्रेशन नंबर, शिक्का, १८६० चा संस्था नोंदणीचा कायदा, सगळं होतं. तो नंबर संस्थेचा होता, कोर्सचा नाही, सोसायटी म्हणून तर आमच्या गल्लीतलं मंडळ पण नोंदवता येतं. शेजारी आयएसओचं सर्टिफिकेट, त्याचा पण नर्सिंगच्या मान्यतेशी काही संबंध नसतो.

प्रॅक्टिकल सिव्हिलला म्हणाले होते, पाठवलं दहा खाटांच्या दवाखान्यात, तिथं चार महिने फुकट फरशी पुसली आणि बेडशीटा बदलल्या.

मग एका मोठ्या हॉस्पिटलात इंटरव्ह्यूला गेले तर मेट्रन मॅडमनी माझं लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट पालथं करून बघितलं, म्हणाल्या कौन्सिलचा नंबर कुठाय? त्यांनीच सांगितलं, नर्सिंगचे खरे कोर्स म्हणजे एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, दोन्हीला बारावी लागते, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी लागते. जनरल ड्युटी असिस्टंटचा छोटा कोर्स असतो तो खोटा नाही, पण ते मदतनिसाचं काम, नर्सचं नव्हे. "मावशी म्हणून येतेस का?" असं पण विचारलं, टोमणा नव्हता, जागा खरंच होती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओरिजिनल मार्कलिस्ट आणि टीसी त्यांच्याकडं ठेवली. परत मागितली तर 'परीक्षा फी' म्हणून अजून ६,००० मागितले. मामाला घेऊन चौकीत अर्ज दिला तेव्हा कुठं कागद मिळाले, पैसे नाहीच. तुम्ही झेरॉक्स द्या, ओरिजिनल फक्त दाखवून परत घ्या. आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या साइटवर कॉलेजांची यादी आहे, त्यात नाव, गाव आणि कोर्स तिन्ही जुळतंय का ते स्वतः बघा, नावात एखादा शब्द इकडचा तिकडं केलेला असतो.

काल परत त्याच संस्थेच्या फोन नंबरवरून व्हॉट्सॲप आला मला, 'फक्त २ सीट शिल्लक, त्वरा करा'.