मागून बंद की मोकळा? जुना फ्रेंच रत्नहार निवडताना

जुना फ्रेंच रत्नहार घ्यायचा म्हटलं की निवड बहुधा दोन काळांवर येऊन थांबते. एक १८२०-३० च्या सुमाराचा, सोन्याच्या पिळदार तारकामाचा. फ्रेंचमध्ये त्याला कानतीय म्हणतात. दुसरा पहिल्या महायुद्धाच्या थोडा आधीचा, प्लॅटिनममध्ये हिरे आणि नीलम बसवलेला.

तारकामाच्या हारावर जीव जडतो, हे आधीच सांगतो. नेपोलियनच्या युद्धांनंतर सोन्याची चणचण होती, तेव्हा कारागिरांनी बारीक तारांची वेटोळी रचून थोड्या सोन्यात भरगच्च काम काढलं. हातात घेतला की दिसतो त्याहून हलका लागतो. त्यातल्या गुलाबी पुष्कराजांना मंद दिव्यात जी लाली चढते, ती प्लॅटिनमच्या हाराला येत नाही, असं मला तरी वाटतं.

पण ती लाली एकट्या पुष्कराजाची नसते. कोंदण मागून बंद असतं आणि खड्याखाली चकचकीत रंगीत पत्रा असतो, आपल्या कुंदनकामातल्यासारखा. माझं घोडं इथेच अडलं. पॅरिसमधल्या एका दुकानात असा हार भिंगाखाली पाहिला, तर मधल्या खड्याच्या कडेने राखाडी डाग आत सरकलेला. ओल शिरून पत्रा काळवंडला होता. डागडुजी करणाऱ्याचं म्हणणं, कोंदण उघडता येईल, पण नव्या पत्र्याची छटा शेजारच्या खड्यांशी जुळेलच असं नाही. आमच्याकडे हार घातला जाणार मुंबईतल्या लग्नांत, तेही एप्रिल-मेमध्ये. मानेला घाम, वरून अत्तर, आणि घरी आल्यावर हार पाण्याखाली धरायचीही सोय नाही! शिवाय मागून बंद असलेला खडा प्रयोगशाळेतही नीट तपासता येत नाही.

प्लॅटिनमच्या हाराची पाठ मोकळी. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, की हिरे-नीलम पुन्हा लख्ख. आधीच्या काळी हिरे चांदीत बसवत आणि ती काळी पडे. इथे ती कटकट नाही. किंमत मात्र माझ्या पाहण्यात जास्तच पडते. खड्यांच्या कडेने धातूच्याच, मोहरीहून बारीक दाण्यांची रांग असते, ती भिंगातून जरूर बघा. दाणे सपाट झाले असतील तर हार बराच घासला गेलाय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नोय यांनी १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवायची पद्धत जाहीर केली, पुढे तशीच नीलमही बनू लागली. म्हणून नैसर्गिक नीलमाचा दाखला मागायला संकोच नको. अस्सल प्लॅटिनमची खूण म्हणून फ्रान्समध्ये मारतात तो कुत्र्याच्या मुंडक्याचा शिक्का १९१२ पासूनचा, तेव्हा त्याआधीच्या हारावर तो दिसला नाही तर बिचकू नका.

वर्षातून एखाद्या संध्याकाळी, थंड हवेत घालायचा असेल, तर तारकामाचा हार आनंदाने घ्या. फक्त एकेक खडा उजेडात फिरवून त्याच्या कडा पाहा. वरचेवर घालायचा असेल, तर मी मोकळ्या पाठीचाच सुचवेन. आम्ही तोच घेतला.