थर्मल गन आणि डिजिटल थर्मामीटर: एप्रिल ते ऑक्टोबरच्या वापरानंतर

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर साधा, काडीसारखा डिजिटल थर्मामीटर घ्या. गोव्याच्या दमट हवेत सात महिने दोन्ही शेजारी ठेवून वापरल्यावर हे ठामपणे सांगता येतं.

गन कपाळाच्या त्वचेतून निघणारी उष्णता मोजते आणि त्यावरून आतल्या तापाचा अंदाज बांधते. कपाळावरचा घाम पंख्याखाली वाळला की त्वचा थंड होते, आकडा खाली येतो. उन्हातून स्कूटरवरून आलेल्याचा आकडा उलट चढतो. म्हणून घाम टिपून, पंख्यापासून दूर, पंधरा-वीस मिनिटं सावलीत बसवूनच मोजावं. एसीच्या खोलीतली गन बाहेर आणली की भिंगावर बाष्प धरतं. ती आधी अर्धा तास जिथं मोजायचं तिथंच ठेवा. ९३-९४ दिसू लागलं तर बटण चुकून वस्तू मोजायच्या मोडवर गेलंय का ते पाहा. झोपलेल्या तान्ह्या बाळाला न उठवता चाचपायला मात्र गन सोयीची.

काडीच्या थर्मामीटरमध्ये लोक फसतात ते बीपला. तापमान वाढण्याचा वेग मंदावला की बीप वाजते. काख पुरती तापलेली असतेच असं नाही. घाम पुसून टोक काखेच्या मधोमध ठेवा, दंड अंगाशी दाबा आणि बीपनंतर आणखी तीन-चार मिनिटं थांबा. तोंडात घ्यायची तर जिभेखाली, मागच्या बाजूला, ओठ मिटून. गरम पेज किंवा चहा झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या. काखेतला आकडा कमी येतो, पण त्यात मनानं एक अंश मिळवू नका. ‘काख’ असं लिहून ठेवा. पावसाळ्यात बॅटरीच्या पत्र्यांना ओल धरते, ते कोरड्या कापडानं पुसावेत. टोकाला स्पिरिटचा बोळा पुरे, उकळतं पाणी नको.

९८.६ हा आकडा वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांच्या १८६८ च्या ग्रंथामुळे रूढ झाला, पण ती सरासरी आहे. पहाटे अंग सगळ्यात थंड, संध्याकाळी सुमारे एक अंश फॅरेनहाइटनं गरम. सकाळच्या आकड्याची तुलना संध्याकाळच्याशी करून ताप चढला म्हणू नये. साधारणपणे १००.४ पासून ताप धरतात.

पावसात डेंगीची धास्ती असते, तेव्हा उतरलेला आकडाही जपून वाचा. डेंगीत तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो आणि धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होऊ शकतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यातलं काहीही दिसलं तर काडी ९८ दाखवत असली तरी रुग्णाला तडक इस्पितळात न्या.