स्टुडिओ आणि क्रिटिकल थिअरी एकाच पदवीत: काय मिळतं, कुठे अडतं

स्टुडिओतलं हाताचं काम आणि क्रिटिकल थिअरी (कला आणि समाज यांची चिकित्सा करणारे सिद्धांत) एकत्र शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांना माहितीपत्रकात ‘संगम’ म्हटलेलं असतं. संगम खरा आहे की नाही, ते वेळापत्रकात कळतं. थिअरी शिकवणारे प्राध्यापक सत्रातून निदान दोनदा विद्यार्थ्याच्या स्टुडिओत येऊन काम बघतात का? बघत असतील तर विचार करणाऱ्या कलाकारासाठी याहून चांगली दोन-तीन वर्षं मिळणं कठीण. बघत नसतील तर एका छताखाली दोन वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात आणि त्यांची सांगड घालायचं काम विद्यार्थ्याच्याच गळ्यात पडतं.

याचे दोन प्रकार आहेत. एकात एमएफएच्या (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, कलेतली पदव्युत्तर पदवी) आतच थिअरीचे सेमिनार असतात. दुसऱ्यात एमएफएला एमएची जोड देऊन दोन पदव्या मिळतात. अमेरिकेत नुसतं एमएफए साधारण दोन वर्षांचं आणि ६० क्रेडिटचं असतं. जोडपदवीला सहसा तीन वर्षं जातात. तिथली कॉलेज आर्ट असोसिएशन एमएफएला स्टुडिओ कलेतली अंतिम, म्हणजे सर्वोच्च, पदवी मानते, त्यामुळे स्टुडिओच शिकवायचा असेल तर तेवढ्यावर भागतं. कलेतिहासात किंवा थिअरीत पीएचडी करायची असेल तर एमएचा प्रबंध उपयोगी पडतो, कारण प्रवेशासाठी लेखनाचा नमुना मागतात आणि दोन पानी कलाकार-निवेदन तिथे चालत नाही. तिसरं वर्ष घ्यायचं ते एवढ्यासाठी. वाचनाची आवड म्हणून घेणार असाल तर पहिल्या प्रकारातले सेमिनार पुरेसे आहेत.

सगळ्यात मोठी गैरसोय वेळेची. सकाळी सेमिनार, दुपारी दोन तास मोकळे, मग पुन्हा व्याख्यान, असं वेळापत्रक कागदावर भरगच्च दिसतं, पण त्यात हाताचं काम होत नाही. लिथोचंच, म्हणजे दगडावरून चित्र छापण्याचंच घ्या. शाईचा रूळ फिरवताना दगड सतत ओला राहावा लागतो. मध्येच सुकला तर कोरा भागही शाई धरतो आणि प्रिंट वाया जाते. म्हणजे सलग चार-पाच तास हवेत. सिरॅमिक्सची भट्टीही थंड व्हायला आपला वेळ घेते, घाईने उघडली तर भांड्याला तडा जातो. वाचनाचं गणितही असंच आहे. तीस पानांचा घट्ट निबंध नीट वाचायचा तर सराईत वाचकालाही तीन-चार तास लागतात, आणि आठवड्याला असे तीन निबंध सहज नेमले जातात. ज्या विभागात थिअरी दोन दिवसांत बसवून उरलेले दिवस स्टुडिओसाठी सलग ठेवले आहेत, तिथे कामाचा दर्जा लगेच वेगळा दिसतो. प्रवेशाआधी चालू सत्राचं खरं वेळापत्रक मागून घ्या; नमुन्यादाखल दिलेल्यावर विसंबू नका.

क्रिट, म्हणजे सगळ्यांसमोर होणारी कामाची चर्चा, हा या शिक्षणाचा कणा. कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या कलासंस्थेत कलाकार मायकेल ॲशर यांच्या वर्गात एकेका कामावर तासन्‌तास चर्चा चाले, ती याच श्रद्धेतून. सगळीकडे तेवढा वेळ मिळत नाही. पाऊण तास मिळाला तरी चालतो, पण क्रम पाळावा लागतो. पहिली दहा मिनिटं कलाकाराने गप्प राहायचं आणि बाकीच्यांनी फक्त वर्णन करायचं: काय दिसतं, कशाचं आहे, किती मोठं आहे, खोलीत उभं राहायची जागा कुठे मिळते. मग प्रश्न, आणि शेवटी सिद्धांत. क्रिट बहुतेक वेळा बिघडतं ते पहिल्याच मिनिटाला कोणीतरी फ्रेंच विचारवंत फुको काढतं तेव्हा. मग पुढची चर्चा फुकोवर होते आणि भिंतीवरचं काम कोणी बघत नाही.

लेखनाच्या बाजूला खरी परीक्षा असते. समजा, काम आहे मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं पाच मीटर सुती कापड. सेमिनार श्रमावर चालू आहे. विद्यार्थ्याचं पहिलं वाक्य येतं: “हे काम श्रम आणि शरीर यांच्यातल्या तणावाचा शोध घेतं.” हे वाक्य कुठल्याही कामाखाली चिकटवता येईल, म्हणून ते कुठल्याच कामाचं नाही. चांगला मार्गदर्शक इथे थांबवतो आणि हातांनी काय केलं ते लिहायला लावतो: “कापड नऊ वेळा भिजवलं. सहाव्या खेपेनंतर तंतूंवर मीठ धरलं; घडी घातली की ते झडतं. जपायचं तर ते पसरूनच ठेवावं लागतं.” आता प्रश्न आपोआप उभा राहतो: एवढी पसरायला जागा कोणाकडे असते? संग्रहालय, मालकी, साठवण, हे सगळं कापडाच्या घडीतूनच निघालं. थिअरी वाचायची ती इथून पुढे. यासाठी वहीत दोन रकाने आखावेत: डावीकडे तारीख, साहित्य, काय फसलं, उजवीकडे वाचलेल्यातला विचार, पान क्रमांकासकट. पहिल्या महिन्यापासून ही वही ठेवली तर प्रबंधाचा अर्धा मसुदा तिच्यातच सापडतो.

ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कलेविषयी संशोधन, कलेतून संशोधन आणि कलेसाठी संशोधन असा भेद मांडला. तो इथे फार कामाचा आहे. सेमिनार बहुधा पहिल्या प्रकारचा असतो, स्टुडिओ दुसऱ्या प्रकाराची मागणी करतो, आणि दोन्ही परीक्षक वेगवेगळ्या मोजपट्ट्या घेऊन बसले की विद्यार्थी भरडला जातो. जमतं तेव्हा काय होतं, हे कलाकार मेरी केली यांच्या ‘पोस्ट-पार्टम डॉक्युमेंट’ (१९७३–७९) मध्ये बघावं. बाळाच्या लंगोटातल्या अस्तरांवरचे डाग आणि सोबत त्या दिवशीच्या खाण्याची नोंद. लाकां या फ्रेंच विचारवंताचं मनोविश्लेषण तिथे बाहेरून आणून लावलेलं नाही, ते मांडणीतच आहे. डागाखालची ती कोरडी नोंद काढली तर कामच उरत नाही.

शेवटच्या सत्रात अनेक ठिकाणी प्रदर्शन आणि प्रबंध एकाच आठवड्यात येतात. ही आखणीतली चूक आहे आणि तिची किंमत लेखनाला मोजावी लागते, कारण भिंतीवरचं काम टाळता येत नाही, परिच्छेद टाळता येतो. दोन्हींत निदान सहा आठवडे असावेत, आणि प्रदर्शन आधी असावं. मांडलेलं काम बघितल्यावरच शेवटचं प्रकरण नीट लिहिता येतं. प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: या दोन तारखा कोणत्या, अंतिम जुरीत (परीक्षक मंडळात) थिअरीचं कोण बसतं, आणि तिसऱ्या वर्षी स्टुडिओची जागा राहते की काढून घेतात. शिवाय मागच्या दोन वर्षांचे प्रबंध ग्रंथालयात बसून चाळा. त्यातल्या चित्रांखाली आकार, माध्यम, वर्ष नीट दिलेलं नसेल आणि मजकुरात त्या चित्रांचा उल्लेखही येत नसेल, तर तो विभाग टाळा.