डिस्ट्रिब्युटरमार्फत माल विकायचा की थेट मोठ्या रिटेल चेनला?

नवीन प्रॉडक्ट काढणारे बरेच जण म्हणतात मधला माणूस काढला की त्याचं मार्जिन आपलं, पण तसं होत नाही हो, कारण डिस्ट्रिब्युटर नुसता माल पुढे ढकलत नाही, तो गोडाऊन ठेवतो, मोठे लॉट फोडून छोट्या दुकानाला अर्धा डझन पण देतो, वर उधारीही सांभाळतो, आणि कंपनीला पैसे बहुतेक वेळा माल उचलतानाच किंवा थोड्या दिवसांत मिळून जातात. ही सगळी कामं चेनकडे गेलात तरी कोणाला तरी करावीच लागतात, आणि ती तुमच्याच गळ्यात येतात.

चेनचा फायदा म्हणजे एकाच ऑर्डरमध्ये भरपूर दुकानं, आणि बिलिंगचा डेटा, म्हणजे ग्राहकाने खरंच काय उचललं ते कळतं. डिस्ट्रिब्युटरकडे गेलेला माल विकला गेला असं समजू नका, तो दुकानाच्या माळ्यावर पडून असू शकतो! महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल कोंबला की हमखास हेच.

पण चेन शेल्फवर जागेचे पैसे मागते, ऑफरचा खर्च तुमच्यावर टाकते, न खपलेलं परत पाठवते, पेमेंट उशिरा. शिवाय माल चांगला चालला तर तसाच स्वतःच्या लेबलने शेजारी ठेवते, तेही स्वस्तात.

रोजच्या वापराची छोटी पाकिटं असतील तर मी डोळे झाकून डिस्ट्रिब्युटर म्हणेन. महाग, निवडून घ्यायची वस्तू असेल आणि खेळतं भांडवल तगडं असेल तर चेन ट्राय करा.